जड पाय, जड मन : झाडीपट्टीतील एक फेरी

नागपूरहून सुटलेली एस.टी. उमरेडच्या कोळसा खाणी मागे टाकते, मग मिरचीसाठी नावाजलेले भिवापूर लागते आणि तिथून पुढे मुलूख हळूहळू बदलू लागतो. कापूस-सोयाबीनची काळी राने मागे पडतात. नागभीड येईतो दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या बांध्या, बांधांवर उभी झाडे आणि मधूनच चमकणारा एखादा तलाव दिसतो. ही झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेला हा धानाचा प्रदेश.

आम्ही देशावरची माणसे. आमच्याकडे आषाढात पाऊस पडला तर पडला, नाही तर आभाळाकडे बघत बसायचे. इथे मात्र जिकडे पाहावे तिकडे पाणी. आषाढ संपत आला होता आणि रोवणी भर जोमात होती. गुडघाभर चिखलात बायांच्या रांगा वाकलेल्या, हातात परह्यांच्या जुड्या, डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाच्या खोळी. सौ. खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "यांच्या कमरा कशा राहत असतील हो?"

या भागातले तलाव आजचे नव्हेत. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले गेले आणि त्यात कोहळी समाजाचा हात फार मोठा. पुढे मालगुजारी आली. ते माजी मालगुजारी तलाव आता 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. नागभीड तालुक्यातल्याच नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे हा अल्पभूधारक शेतकरी होऊन गेला. आपल्या शेतातल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निवडून जपल्या आणि १९८० च्या दशकात त्यातून बारीक, चवदार असे एच.एम.टी. धान उभे केले. २०१८ साली ते वारले, पण त्यांचा तांदूळ आज दूरवरच्या घरांत शिजतो. ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल ओलांडला की आपण आरमोरीच्या बाजूला, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात येतो. माझ्या एका जुन्या शिक्षकमित्राचे गाव या पट्ट्यात आहे. चार दिवस त्याच्याकडेच मुक्काम होता.

बांधावर बसलेली मावशी

दुसऱ्या दिवशी आम्ही मित्राच्या शेतावर गेलो. दहा-बारा बाया रोवणी करीत होत्या. एक मावशी मात्र चिखलात न उतरता बांधावर बसून जुड्या सोडून देत होत्या. वय पन्नाशीच्या पुढचे. लुगड्याचा काठ त्यांनी डाव्या पायावर पुन्हा पुन्हा ओढून घेतला, तेव्हा माझ्या ध्यानात आले. पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा सुजलेला होता. घोट्याजवळ कातडीला जाड वळ्या पडल्या होत्या. मी नजर वळवली.

आपल्याकडे याला हत्तीपाय म्हणतात, सरकारी कागदावर हत्तीरोग. पूर्व विदर्भात हा रोग पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मित्राच्या गावात असे पाच-सहा जण तरी होते आणि त्यांतले दोन मला चार दिवसांत एकदाही घराबाहेर दिसले नाहीत.

संध्याकाळी मावशी वहिनींकडे आल्या. सौ. आणि त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या. बायांच्या बोलण्यात मी पडलो नाही, पण ऐकत होतो. मावशी म्हणाल्या, "पाय दुखते ते दुखतेच जी. पन लोकं तोंडाकडं नाई पाहत, पायाकडंच पाहतेत, ते लय दुखते."

मग त्यांनी एकेक सांगितले. लग्न होऊन तीन-चार वर्षे झाली होती, तेव्हा पहिल्यांदा हुडहुडी भरून ताप आला, जांघेत गाठ आली आणि पाय लाल होऊन फुगला. आठ दिवसांत उतरला. पुढच्या पावसाळ्यात परत तेच. असे होता होता सूज कायमची राहिली. कुणी करणी म्हणाले, कुणी गेल्या जन्मीचे पाप. मावशींनी बाजाराला जाणे सोडले, मग लग्नाकार्याला जाणे सोडले. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटके चालतात. वडशाहून नाटक कंपन्या निघतात, शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात आणि लेकी माहेरी येतात. त्या नाटकांनाही मावशी कित्येक वर्षे गेल्या नाहीत. आणि सगळ्यांत कठीण प्रसंग आला मुलीच्या वेळी. पोरीला पाहायला पाहुणे आले आणि आईच मागच्या खोलीत दार लावून बसली. आपला पाय पाहून सोयरीक मोडेल, ही धास्ती.

"पाव्हने गेले तवा दार उघडलो," मावशी म्हणाल्या, "पोरगी म्हने, आई, मी तुझीच हाव न?"

पडवीत थोडा वेळ कुणीच बोलले नाही.

हा रोग आहे तरी काय?

वाचकहो, आधी मनातली भुते काढून टाकू. हत्तीपाय पापाने होत नाही, करणीने होत नाही. तो वंशपरंपरेने येत नाही. रोग्याला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्याशी संसार केल्याने तो लागत नाही. म्हणून आईच्या पायावरून लेकीची सोयरीक मोडणे हा शुद्ध अन्याय आहे.

हा रोग दोऱ्यासारख्या बारीक जंतांमुळे होतो आणि जंत डासांमार्फत येतात. १८७७ साली पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टराने चीनमध्ये काम करताना डासाच्या पोटात या जंतांची वाढ पाहिली. आपल्याकडे तो पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो : तुंबलेली गटारे, सांडपाण्याची डबकी, संडासाच्या टाक्या. तेव्हा दोष तलावाच्या स्वच्छ पाण्याला देऊ नका, घरामागच्या मोरीकडे पाहा. एक-दोन डास चावून हा रोग होत नाही. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे डास चावत राहिले की जंत अंगात ठाण मांडतात. पुष्कळदा लागण लहानपणी होते आणि सूज दिसते ऐन तारुण्यात किंवा त्यानंतर. या जंतांची पिल्ले रात्रीच अंगावरच्या रक्तात येतात. म्हणून आरोग्य खात्याची माणसे रात्री दारात येऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात. त्यांना परत पाठवू नका.

सूज का येते, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. बांधीत साचलेले जादा पाणी काढून देण्याची वाट असते. ती बुजली की जमीन चिबडते. आपल्या शरीरातही मांसात झिरपलेले पाणी गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. मोठे जंत याच नळ्यांत सहा ते आठ वर्षे राहतात आणि त्या निकामी करतात. मग पाय चिबडतो. सुरुवातीला सूज रात्रीत उतरते. पुढे उतरेनाशी होते, कातडी जाड होते, वळ्या पडतात. आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत 'श्लीपद' म्हणून त्याचे वर्णन आहे आणि बारमाही जुने पाणी साचणाऱ्या प्रदेशात तो अधिक होतो, असेही तिथे सांगितले आहे.

सुजलेला प्रत्येक पाय मात्र हत्तीरोगाचा नसतो. हृदय किंवा मूत्रपिंड बिघडले तरी पाय सुजतात. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्यावर काही बायांचा हातही असाच कायमचा सुजतो. म्हणून आधी डॉक्टरला दाखवणे बरे.

दुखणे दोन प्रकारचे

मावशींचे बोलणे ऐकल्यावर मला वाटले, या रोगात दुखणी दोन आहेत आणि आपण फार तर एकाचीच विचारपूस करतो.

पहिले पायाचे. रोजचा जडपणा आणि ठणका असतोच. पण खरा छळ असतो तो मधून मधून येणाऱ्या झटक्याचा : थंडी वाजून ताप, लालभडक गरम पाय, जांघेत कळ, पायाला चादरसुद्धा सोसत नाही. ऐन रोवणीत माणूस चार-आठ दिवस खाटेवर. पूर्वी समजूत अशी होती, की हे झटके जंतांमुळेच येतात. पुढे कळले, की बहुतेक झटके साध्या जिवाणूंमुळे येतात आणि ते जिवाणू कातडीच्या भेगांतून शिरतात. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या हीच त्यांची वाट. चिखल्या कुणाला होत नाहीत? चांगल्या पायाच्या माणसाला त्या खाजवून सोडतात. हत्तीपायाच्या माणसाला त्या अंथरुणावर पाडतात आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढवून जातात.

दुसरे दुखणे मनाचे. ते बाहेर दिसत नाही. माणूस हळूहळू घराच्या आतल्या खोलीकडे सरकतो. बाजार सुटतो, कीर्तन सुटते, मैत्रिणी सुटतात. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, "आपण घरच्यांवर ओझे" हा विचार घर करतो. हे फक्त एका मावशीचे नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता, की हत्तीरोगाने निरोगी आयुष्याची जितकी वर्षे वाया जातात असे धरले जाई, त्याच्या जवळजवळ दुप्पट या रोग्यांच्या खिन्नतेपायी वाया जातात. रोग्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांचे मनही त्यात खचते, हेही त्यांनी हिशोबात धरले होते.

ही दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. मन खचलेला माणूस पायाकडे बघत नाही, धूत नाही, चप्पल घालत नाही. म्हणून झटका येतो. झटका आला की मन आणखी खचते. बैल घाण्याला जुंपावा तसे हे फिरत राहते.

पाय धुण्याचा वर्ग

हे चक्र थांबते कसे, ते मी तिसऱ्या दिवशी पाहिले. गावच्या आशाताईंनी समाजमंदिराच्या ओट्यावर पाय धुण्याचा वर्ग ठेवला होता. सहा बाया, दोन पुरुष. प्रत्येकाजवळ आरोग्य केंद्रातून मिळालेला टब, मग, साबण, रुमाल आणि मलमाची नळी. आमच्या मावशीही होत्या.

आशाताई सांगत होत्या, बाकीचे तसे करीत होते. पाणी साधे घ्यायचे, कढत नाही. आधी पाय नुसता भिजवायचा. मग साधा साबण हाताने फेसवून गुडघ्यापासून खाली लावायचा. प्रत्येक वळीत आणि बोटांच्या प्रत्येक बेचक्यात बोट घालून हलक्या हाताने धुवायचे. घासणी नको, दगड नको. पाणी स्वच्छ निघेपर्यंत पाय खळाळायचा. मग मऊ कोरड्या फडक्याने टिपायचा, पुसायचा नाही. बेचक्यांत फडक्याचे टोक घालून ओल राहू द्यायची नाही. चिखल्या असतील तिथे मलम. नखे कापताना कातडी कापायची नाही. बसल्यावर पाय पाटावर किंवा उशीवर उंच. रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा. दिवसातून पाच-सहा वेळा टाच वर-खाली आणि घोटा गोल फिरवायचा. आणि अनवाणी कधीच चालायचे नाही. पट्टा रुंद आणि सैल असलेली चप्पल घालायची.

झटका आला तर? त्या दिवशी व्यायाम बंद, पाय उंच ठेवून विश्रांती, गार पाण्याचे फडके, भरपूर पाणी प्यायचे आणि लगेच डॉक्टर गाठायचा, कारण त्यावर जंतुनाशक औषध लागते. शेक देणे, पाला बांधणे, काट्याने टोचून 'वाईट पाणी' काढणे अजिबात नको. त्यातूनच जिवाणू आत शिरतात.

"याने पाय पहिल्यासारखा होईल का?" एका बाईने विचारले. आशाताई खोटे बोलल्या नाहीत. "जुनी सूज सगळी जात नाही, बाई. पण झटके कमी होतात, वास जातो, कातडी मऊ पडते आणि सूज वाढायची थांबते."

मावशी वर्षभर रोज पाय धूत होत्या. आधी पावसाळ्यात तीन-चार झटके यायचे. गेल्या पावसाळ्यात एकच आला. म्हणूनच त्या शेताच्या बांधापर्यंत आल्या होत्या. चिखलात उतरत नव्हत्या, ते आशाताईंच्या सांगण्यावरून.

पण माझ्या मनात राहिले ते वेगळेच. लुगड्याखाली वर्षानुवर्षे झाकलेले पाय त्या ओट्यावर उघडे होते आणि कुणालाही त्याची लाज नव्हती. एकमेकींच्या पाठीला पाय दिसत नाही म्हणून एक दुसरीची टाच धूत होती. थट्टा चालली होती. एक म्हातारी मावशींना म्हणाली, "तुया पायापेक्षा माया पाय बारीक झाला पाय!" आणि सगळ्या हसल्या. साबण-पाणी घरीही मिळते. पण असे आपल्यासारख्यांच्यात बसून हसणे एकट्याला मिळत नाही.

दूर ब्राझील देशात रेसिफे शहराच्या गरीब वस्त्यांत हाच रोग होता. तिथे डॉ. जेरूसा ड्रायर यांनी रोग्यांची मंडळे सुरू केली. त्यांना नाव दिले 'आशेची मंडळे'. रोगी एकत्र जमत, पाय धुण्याची रीत एकमेकांना शिकवत, आपले दुःख बोलत. ही गोष्ट आपल्या गावातल्या भजनी मंडळासारखीच नव्हे काय? त्यासाठी मोठे इस्पितळ लागत नाही. एक ओटा आणि आठवड्यातला एक तास पुरतो.

पुरुषांची लपवाछपवी

ओट्यावर बसलेल्या दोन पुरुषांपैकी एकाने हळूच मित्राला बाजूला नेले. हत्तीरोगात पुष्कळ पुरुषांना अंडवृद्धी होते. बाई पाय झाकते, पुरुष हे झाकतो. सायकल चालवता येत नाही, नांगरामागे चालता येत नाही, संसारसुखही जाते आणि बोलायची सोय नाही. पण इथे मात्र दिलासा मोठा आहे. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते आणि ती सरकारी रुग्णालयात करता येते. ज्या घरात असा कुणी असेल, तिथल्या वडीलधाऱ्यांनी किंवा मित्रांनी पुढाकार घेऊन त्याला रुग्णालयात न्यावे.

आपण काय करायचे?

पुढच्या पिढीला हा रोग होऊ नये यासाठी सरकार वर्षातून एकदा गोळ्या वाटते. २०१९ साली नागपूर जिल्हा देशातल्या त्या पहिल्या काही जिल्ह्यांपैकी होता, जिथे दोनऐवजी तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली. २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोग हटवायचा, असे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. गोळ्या आणून कोनाड्यात ठेवू नका. वाटणाऱ्यांच्या समोर, काही खाऊन घ्या. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. ज्याच्या अंगात जंत असतात त्याला गोळीनंतर थोडा ताप, मळमळ होऊ शकते. जंत मरत असल्याची ती खूण असते आणि ती बहुधा एक-दोन दिवसांत जाते. फार त्रास झाला तर आशाताईंना कळवावे. मच्छरदाणी वापरा, मोरीचे पाणी तुंबू देऊ नका, संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधा.

आणि घरात असे माणूस असेल तर? पायाचे नाव घेऊन त्याला हाक मारू नका, दुसऱ्यालाही मारू देऊ नका. त्याला बसून होणारे काम द्या : परह्यांच्या जुड्या, बियाणे निवडणे, घरचा हिशोब. काम नसलेला माणूस आपल्याच पायाकडे बघत बसतो. लग्नाच्या याद्या करताना त्याचे नाव आधी लिहा आणि न्यायला कुणीतरी जा. संध्याकाळी पाय धुताना सुनेने किंवा नातवाने जवळ बसून पाणी घालावे. त्या दहा मिनिटांत पायाबरोबर मनाचीही विचारपूस होते. दोन-तीन आठवडे कुणी गप्प गप्प असेल, झोप-जेवण सुटले असेल, "जगून काय करू" असे म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला सांगा. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते.

मावशींच्या लेकीचे लग्न त्याच पाहुण्यांच्या घरी झाले. मुलीने सासरी आधीच सांगून टाकले होते, की माझ्या आईचा पाय असा आहे आणि ती मांडवात पुढे बसेल. ती बसली. गेल्या हिवाळ्यात जावयाने गाडी पाठवून सासूला नाटकालाही नेले. कसे होते नाटक, असे सौ.ने विचारले, तेव्हा मावशी लाजून म्हणाल्या, "अर्ध्यात झोप लागली जी. पन गेलो होतो."